आकडे खरे असतात का, हे तुम्ही विचारलंत म्हणून

मी सांख्यिकीत नोकरीला आहे हे कळलं की लग्नाच्या पंगतीत असो की एसटीत, प्रश्न ठरलेला. “सरकार म्हणतं महाराष्ट्र जोरात आहे. हे आकडे तुम्हीच बसवता ना?”

नाही बसवत. वीस वर्षं हेच सांगतोय आणि आजही त्यावर ठाम आहे. शेतीचं उत्पादन मोजायला पीक कापणी प्रयोग करतात, त्यात गाव आणि शेताचा गट नंबर कुणाच्या मर्जीनं निवडत नाहीत. दोरी लावून तुकडा आखतात, तेवढंच पीक कापून, मळून, तिथंच काट्यावर घालतात. कृषी सहायक, तलाठी, ग्रामसेवक भर उन्हात हे करत असतात. त्यांना कुणी खोटारडं म्हटलं की माझं डोकं फिरतं.

तरी जिल्ह्याचा आकडा राज्याच्या आकड्याइतका पक्का नसतो, हेही कबूल करतो. बऱ्याच क्षेत्रांचं उत्पन्न राज्याच्या आकड्यातून प्रमाण लावून जिल्ह्यांना वाटलं जातं. दरडोई काढताना भागायची लोकसंख्या 2011च्या जनगणनेवरून पुढं अंदाजलेली. हे मी पंगतीत कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर “बघा, म्हणजे बसवलेलेच” असं ऐकावं लागलं असतं.

मार्च 2025मध्ये राज्याची आर्थिक पाहणी, म्हणजे राज्याच्या उत्पन्नाचे आकडे देणारं दरवर्षीचं सरकारी पुस्तक, विधिमंडळात मांडली गेली. 2024-25साठी राज्याची वाढ 7.3 टक्के, देशाची 6.5. दरडोई उत्पन्न 3,09,340 रुपये. कृषी व संलग्न क्षेत्राची वाढ 8.7 टक्के. त्या रविवारी मी गावी गेलो होतो.

दादाचं सोयाबीन तोवर घरातच होतं. हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये. खरेदी केंद्रावर नाव नोंदवलेलं, पण मापाला बोलावल्याचा मेसेज आलाच नाही आणि फेब्रुवारीत खरेदी बंद झाली. शेवटी आदल्याच दिवशी त्यानं आडतीवर घातलं, 3,850नं. मी चहा घेत 8.7चं सांगत होतो. पाऊस चांगला झाला, खरीप साधलं, शेतीनं हात दिला, असं काहीबाही. दादा उठला, सदऱ्याच्या खिशातून आडत्याची विक्रीची पट्टी काढून माझ्यापुढं ठेवली. वहिनींनी वही आणली. त्यात गेल्या वर्षीचं होतं: 18 क्विंटल, भाव 4,600. यंदा 22 क्विंटल, भाव 3,850.

“कर हिशोब. तुझं कामच आहे ते.”

केला. गेल्या वर्षी 82,800. यंदा 84,700. हमाली-तोलाई अजून वजा व्हायची होती.

“म्हंजे चार क्विंटल जास्त पिकवलं तर एकोणीसशे रुपये?”

मी समजावायला गेलो. वाढीचा दर स्थिर किमतींवर काढतात. 2011-12चे भाव धरून. नाहीतर महागाईलाच आपण वाढ समजून बसू. त्या हिशोबात तुझं पीक 22 टक्क्यांनी वाढलंय, ते खोटं नाही. दादा ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, “मग मी दुकानदाराला बियाण्याचे पैसे त्याच सालच्या भावानं देऊ का?”

वहिनी आत गेल्या. मी ती पट्टी घडी घालून परत दिली. पुढचं काही सुचलंच नाही. रात्री अंगणात दादा नेहमीसारखा पोरांच्या परीक्षेचं बोलत राहिला, त्याचंच जास्त लागलं.

माझी बाजूही ऐका. चालू किमतींचे, म्हणजे त्या-त्या वर्षीच्या भावांचे तक्ते पाहणीच्याच पुस्तकात असतात. कुणी लपवत नाही. बातमीत मात्र स्थिर किमतींचीच टक्केवारी येते, सरकारही तीच सांगतं आणि मीही तीच सांगत आलो. 2020-21ची पाहणी आली तेव्हा राज्याचं उत्पन्न 8 टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता, शेती मात्र 11.7 टक्क्यांनी वर. मी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं होतं, ‘शेतीनं राज्य तारलं.’ लॉकडाऊनमध्ये काहींनी उभ्या भाजीत नांगर घातला होता, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी लिहिलं. त्या वेळच्या मला आज खोटं म्हणवत नाही, कारण त्या वर्षी धान्य खरंच पिकलं होतं. पण तेव्हा मी कुणाला भाव विचारला नव्हता.

मग राज्य जोरात आहे की नाही? आहे. देशाच्या उत्पन्नातला साडेतेरा टक्के वाटा काही हवेतून येत नाही. राज्यातल्या निम्म्याहून जास्त कामकरी माणसांचं पोट शेतीवर आहे, हे 2011च्या जनगणनेतलंच आहे आणि तेही तितकंच खरं आहे. ही दोन वाक्यं एका दमात कशी बोलायची, ते मला अजून जमत नाही.

दादानं यंदा अर्ध्या रानात हळद घातलीय. त्या पट्टीचा फोटो मी त्याच्याकडून मागवून घेतला. आता कुणी विचारलं की आधी 8.7 सांगतो, मग फोटो दाखवतो. परवा एसटीत एकानं तो बघून विचारलं, “मग तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे?”