दोन जीबी म्हणजे नेमके किती?

जळगावच्या पीसीवर लिनक्स, धुळ्याच्या पीसीवर विंडोज. लग्नाच्या शूटिंगची ९,४१,२६,०८,५१२ बाइटची एकच फाइल दोन्हीकडे, पण धुळ्याची प्रत मध्येच अडखळायची. सगळी फाइल परत पाठवण्यापेक्षा दोन्हीकडे तिचे तुकडे पाडायचे, चेकसम (तुकड्यातल्या सगळ्या बाइटवरून काढलेली ओळखखूण) ताडायचे आणि बिघडलेला तेवढाच तुकडा पेनड्राइव्हवर घालून धाडायचा, असं ठरवलं. पेनड्राइव्ह फॅट३२चा (फाइली साठवण्याची एक जुनी पद्धत), त्यावर ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही. म्हणून तुकडे दोन-दोन जीबीचे.

दोन्हीकडे पाचच तुकडे पडले. एसएचए-२५६ पद्धतीचा चेकसम मात्र पाचांपैकी एकाचाही जुळेना! एवढी सगळीच फाइल खराब असती तर ती सुरूच झाली नसती. म्हणून आधी आकार पाहिले. लिनक्सच्या 'स्प्लिट' या तुकडे पाडणाऱ्या कमांडमध्ये '२जीबी' लिहिलं की तुकडा २,००,००,००,००० बाइटचा पडतो, नुसतं '२जी' लिहिलं की २,१४,७४,८३,६४८ चा. जळगावला '२जीबी' लिहिलं होतं. धुळ्याला सेव्हन-झिप या प्रोग्रामच्या 'स्प्लिट फाइल'मध्ये '२जी' दिलं होतं, तिथे हिशेब १०००चा नाही, १०२४चाच. पहिलाच काप वेगळ्या ठिकाणी, मग पुढचं काय जुळणार? तुकड्यांची संख्या सारखी निघाल्यामुळेच शंका आली नाही. आता दोन्हीकडे पूर्ण बाइटचा आकडाच टाकतो.

(सेव्हन-झिपमध्ये 'अ‍ॅड टू आर्काइव्ह' करून तुकडे पाडू नका. ते आर्काइव्हचे, म्हणजे दाबून बांधलेल्या नव्या फाइलचे तुकडे असतात, मूळ फाइलचे नव्हेत.)

काप सारखा झाल्यावर चार जुळले, तिसरा नाही. धुळ्याचा पीसी रीस्टार्ट करून तिसऱ्याचा चेकसम पुन्हा काढला. रीस्टार्ट मुद्दाम, कारण लगेच काढला तर विंडोज बऱ्याचदा डिस्कऐवजी कॅशमधूनच, म्हणजे मेमरीत राहिलेल्या प्रतीतूनच वाचतं. उत्तर तेच आलं, म्हणजे बिघाड डिस्कवरच्या प्रतीतच होता. दर वेळी वेगळं आलं असतं तर वाचतानाच गडबड होतेय असं धरलं असतं.

जळगावचा तिसरा तुकडा एसटीने आला. विंडोजच्या 'एफसी स्लॅश बी' या बाइट-बाइट ताडणाऱ्या कमांडने दोन्ही तुकडे ताडले तर फरक मोजून एका बाइटचा: ५३ च्या जागी ५१ (हे आकडे दहाच्या नाही, सोळाच्या पद्धतीतले), म्हणजे एकच बिट उलटलेला. पेनड्राइव्ह 'इजेक्ट' न करता उपटला की सहसा शेवटाकडचा सलग भाग शून्य किंवा कचरा असतो. असा सुटा बिट दिसला की माझा पहिला संशय रॅमवर. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवलं, रॅमच्या दोनपैकी एक पट्टी चुका देत होती. ती काढल्याशिवाय पुढचं काही केलं नाही.

मग तिसरा तुकडा बदलून पाचही जोडताना विंडोजच्या 'कॉपी' कमांडला 'स्लॅश बी' द्यायचं राहिलं आणि फाइल जेमतेम काही बाइटची झाली. 'स्लॅश बी' नसेल तर जोडताना विंडोज तुकडे मजकूर समजतं आणि २६ ही किंमत असलेला बाइट (मजकूर संपल्याची जुनी खूण) दिसला की तिथेच थांबतं. व्हिडिओत तो पावलोपावली असतो. तुकड्यांची नावंही क्रमाने, मध्ये अधिक चिन्ह टाकून हातानेच लिहिली. ताराचिन्ह (*, म्हणजे 'सगळे तुकडे') देऊन क्रम त्याच्यावर सोडला नाही.

जोडलेल्या फाइलचा आकार बरोबर ९,४१,२६,०८,५१२ आला. धुळ्याचा चेकसम मोठ्या अक्षरांत, जळगावचा लहान अक्षरांत. त्याने काही बिघडत नाही, ६४ अक्षरं तीच होती.