कडब्याचा माळढोक आणि एक शिक्का

"हे चित्र हाय ओ सर, नकाशा कुठाय?"

हे वाक्य मी एकाच टेबलावर तीनदा ऐकलं. मध्ये माणूस बदलला, वाक्य तेच.

मोकळ्या मैदानात बांबू आणि कडब्याचा 12 फुटी माळढोक उभा करायचा होता. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातला खरा माळढोक पक्षी मीटरभर उंच, आणि आता तो दिसणंही मुश्किल. जागा मिळाली, वर्गणी जमली. कोळशानं काढलेली पाच चित्रं परवानगीच्या अर्जाला जोडली आणि तिथंच गाडी रुतली.

दुसऱ्या खेपेला मोजमाप घालून नेलं. एक इंचाला एक फूट धरलं की पक्षी ए-थ्री कागदावर उभा बसतो. तर म्हणे, इंजिनियरचा शिक्का आणा. इंजिनियर म्हणाला, "कडब्याचं वजन किती धरू?" घरी येऊन पेंढी ताणकाट्याला टांगली, आकडा घेऊन गेलो. "वाळलेली की भिजलेली?" प्रश्न रास्तच होता, पण माझं डोकं उठलं. पेंढी बादलीत बुडवून पुन्हा टांगली.

तिसऱ्यांदा साहेब रजेवर. चौथ्यांदा नवा माणूस, फाइल पहिल्या पानापासून. अर्जात 'किती वर्षे टिकणार' असा रकाना होता. मी लिहिलं, 'वळीव येईपर्यंत'. खोडायला लावलं. अमेरिकेत पॅट्रिक डॉहर्टी डहाळ्या विणून घराएवढी शिल्पं करतात, तीही काही वर्षांत उतरवतात, हे सांगून बघितलं. "इथं आकडा लिवा." शून्य लिहिलं. चाललं!

शेवटी कोपऱ्यातल्या शिपाईमामांनी चित्र बघून विचारलं, "जनावरं खातील की ओ हे?" पाच आठवड्यांत कामाचा प्रश्न हा एकच. त्या रात्री नवं चित्र काढलं: भोवती वेड्या बाभळीचं कुंपण, बाहेर एक म्हैस, शेजारी साडेपाच फुटी माणूस. उंची न वाचता कळली. त्याच चित्रावर शिक्का पडला.

म्हणून माणूस आधीच काढा. आणि हो, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: चित्र कार्यालयात न्यायच्या आधी बुरूडकाम करणाऱ्याला दाखवा. आमच्या बुरूडकाकांनी मानेच्या बाकावर बोट ठेवलं, "इथं कामटी मोडंल." बांबू रात्रभर भिजवला तरी तेवढा वाकला नाही. शिक्का मारलेल्या नकाशात मान अजून बारीक आहे, मैदानातल्या माळढोकाची मात्र चांगली जाडजूड.