१८.८ मिलिअँपिअर

मंगळवार, रात्र

व्हायवा संपून सहा तास झाले. मार्कांची चिंता नाही. गाइड मॅडम बाहेर येऊन "चांगलं झालं" म्हणाल्या, आणि त्या उगीच म्हणत नाहीत. पण एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

एक्स्टर्नल सरांनी टेबलावरचा एक मोट, म्हणजे माझ्या प्रोजेक्टमधला सेलवर चालणारा छोटा रेडिओ-सेन्सर, उचलला. उलटा केला, मागचे दोन पेन्सिल सेल अंगठ्याने जरा फिरवून पाहिले आणि विचारलं, "हा आत्ता काही पाठवत नाहीये, नुसता ऐकतोय. पाठवण्याच्या मानाने खर्च किती?"

मी धाडकन म्हणाले, "नगण्य, सर."

नगण्य! हा शब्द मी बोलताना कधी वापरत नाही, नेमका तेव्हाच कुठून तोंडात आला कुणास ठाऊक. सर हसले असते तर परवडलं असतं. ते नुसतं "डेटाशीट बघा एकदा" म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाला लागले.

डेटाशीट समोरच्या भिंतीवरच चिकटवलेली आहे, जानेवारीपासून. मोटातली सीसी २४२० रेडिओ चिप, पूर्ण ताकदीने पाठवताना १७.४ मिलिअँपिअर आणि ऐकताना १८.८. दोन्ही ओळींवर पिवळा मार्कर, तोही माझ्याच हाताने फिरवलेला. शिवाय पाठवणं चार मिलिसेकंदांत उरकतं, कारण १२७ बाइटची फ्रेम म्हणजे कितीशी. समोरचा कधी बोलेल ते मात्र माहीत नसतं, म्हणून ऐकणाऱ्याला कान सतत उघडा ठेवावा लागतो. रेडिओ अखंड चालू ठेवला तर ते दोन सेल पाच-साडेपाच दिवसांत संपतात. हेच गणित मी स्वतः रिपोर्टमध्ये मांडलंय, पान १४ वर.

दीड वर्ष या विषयात काढलं. एओडीव्हीचे, म्हणजे निरोपाची वाट शोधणाऱ्या प्रोटोकॉलचे, आकडे झोपेत विचारले तरी सांगेन: दर सेकंदाला एक हॅलो, म्हणजे "मी आहे" असा छोटा निरोप, दोन हॅलो चुकले की शेजारी गेला असं धरायचं, त्याचा नियम-दस्तऐवज आरएफसी ३५६१, २००३. लॅबच्या कॉरिडॉरमध्ये बारा मोट मांडून बसले होते तेव्हा स्टीलची बादली घेऊन मावशी मधून गेल्या की चार नंबर गप्प व्हायचा. आठवडाभर मी कोडमध्ये चूक शोधली, आणि शेवटी मावशीच म्हणाल्या, "मी आले की तुमचं ते बंद पडतंय बघा." एवढं सगळं करून मी "नगण्य" म्हणते.

दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर ठीक. मला कळायला हवं होतं.

काल रात्री आईचा फोन पन्नास मिनिटं चालला. त्या प्लॉटचं पुन्हा इथे लिहीत नाही, अण्णा काय म्हणाले तेही नाही. मी फक्त "हं" म्हणत होते. फोन ठेवला आणि तशीच आडवी झाले, आदल्या रात्रीची उजळणी तशीच राहिली. रूममेट म्हणाली, "एवढं दमायला काय झालं? नुसती फोनवर तर होतीस." मी म्हणाले, "हो ना, काहीच नाही केलं." म्हणजे नगण्य हे उत्तर मी कालच तयार ठेवलं होतं, सरांनी फक्त विचारलं.

फोननंतर दादाचा मेसेज आला. त्याची बाजू. तो माझ्यासाठी नव्हताच, आईसाठी होता, पण आईला तो थेट लिहीत नाही. आमच्या पुस्तकात याला ओव्हरहिअरिंग म्हणतात: दुसऱ्याच्या नावाचं पाकीट, पण नाव वाचण्यासाठी तरी ते घ्यावंच लागतं, आणि घेण्यात बॅटरी जाते ती जातेच. दादाशी मी... असो.

लीच प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे मोटांनी गट करून माहिती पाठवायच्या पद्धतीत, यावर बरा तोडगा आहे. २००० सालचा पेपर. गटातल्या सगळ्यांचं ऐकून पुढे पाठवणारा क्लस्टर हेड लवकर संपतो, म्हणून ते काम पाळीपाळीने द्यायचं. पाच टक्के हेड ठेवले तर एकदा पाळी झालेल्याला वीस फेऱ्या पुरेपर्यंत पुन्हा हात लावायचा नाही. आमच्या घरात फेऱ्या होतात, पाळी काही फिरत नाही. (२००२ मध्ये अमेरिकेत मेनच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक बेटावर ३२ मोट लावले होते, लीचेस स्टॉर्म पेट्रेल नावाच्या समुद्रपक्ष्यांच्या बिळांवर लक्ष ठेवायला. नावातला लीच आणि हा लीच यांचा काही संबंध नाही, तरी मला उगाच आवडतं.)

हे लिहिता लिहिता एक लक्षात आलं. आई तरी काय करणार? अण्णांचं दिवसभर तीच ऐकते, मधे दादाच्या सासरचे फोन, वर शेजारच्या काकू. तिचा रेडिओ कधी बंद नसतो. ती रात्री सगळं आणून माझ्यात ओतते, म्हणजे मी सिंक, सगळ्या मोटांची माहिती शेवटी जिथे जमा होते तो. आणि पुस्तकात सिंक प्लगला जोडलेला असतो, त्याच्या बॅटरीची काळजी कुणी करत नाही. हे आईला कुणी सांगितलंय की काय!

बरं, मोटांची बॅटरी वाचवणारं एस-मॅक तिला न शिकता येतं. बाकी वेळ झोपायचं, ठरल्या वेळी दोघांनी जागं व्हायचं आणि बोलून घ्यायचं. दिवसभर तिचा एक फोन नाही. साडेनऊ म्हणजे साडेनऊ. फक्त बंद कधी करायचं ते ठरलेलं नाही.

लॅबमधून मोटांचे उतरलेले सेल घेऊन आलेय. दोन मिळून २.१ व्होल्टच्या खाली गेले की मोट बंद पडतो, पण भिंतीवरच्या घड्याळाला त्यातला एकच लागतो आणि तो अजून महिनाभर सहज चालतो. आताच एक बसवला. काटा हलला. नऊ वीस.

फोन वाजतोय. म्हणजे घड्याळ दहा मिनिटं मागे, नाहीतर आईच आज लवकर.