तुम्ही विचारलंत म्हणून: वेगळा मांडव कशाला?

अमेरिकन सिनेमावर किंवा पुस्तकांवर चार ओळी लिहिल्या की कुणी ना कुणी विचारतंच, ‘काळ्यांसाठी वेगळे इमेज पुरस्कार चालतात, मग उद्या कुणी फक्त गोऱ्यांसाठी काढले तर?’ इमेज पुरस्कार म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सिनेमा, टीव्ही आणि साहित्यातल्या कामासाठीचे पुरस्कार. आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय मिटवत आले. ते पुरत नाही, म्हणून आज सविस्तर सांगते.

फक्त गोऱ्यांचे पुरस्कार होतेच की. त्यांना तसं नाव द्यायची गरज कधी पडली नाही, इतकंच. 29 फेब्रुवारी 1940 च्या रात्री लॉस एंजेलिसच्या अँबेसेडर हॉटेलात हॅटी मॅकडॅनियलला सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. त्या हॉटेलात काळ्यांना प्रवेश नव्हता. तिच्या सिनेमाच्या निर्मात्याला शब्द टाकावा लागला, तेव्हा तिला आत घेतलं. सहकलाकार एका टेबलाशी आणि ती भिंतीलगतच्या छोट्या टेबलाशी. तिथून उठून ती मंचावर गेली, सन्मानफलक घेतला, आभार मानले. यानंतर कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ऑस्कर मिळालं ते थेट 1991 मध्ये, व्हूपी गोल्डबर्गला, तेही सहाय्यक भूमिकेसाठीच. प्रमुख भूमिकेसाठी 2002 उजाडलं, हॅली बेरीच्या वेळी. पुरुषांत सिडनी पॉइटियरला 1964 मध्ये मिळालं होतं, हे मान्य. पण एका नावावर किती वर्षं भागवायचं?

इमेज पुरस्कार 1967 मध्ये सुरू झाले. एनएएसीपी ही 1909 पासूनची नागरी हक्कांची संघटना, आणि तिच्या बेव्हर्ली हिल्स–हॉलिवूड शाखेनं ते काढले. ‘इमेज’ हे नावच बोलकं आहे: पडद्यावर मोलकरीण, नोकर, विदूषक एवढीच जी प्रतिमा उरली होती, ती बदलायची. पद्धत साधारण अशी. निर्माते आणि प्रकाशक शुल्क भरून प्रवेशिका पाठवतात, समित्या त्यातून प्रत्येक गटात बहुधा पाच नामांकनं काढतात आणि अंतिम मतदान होतं. ऑस्करला सिनेमाच्या धंद्यातले लोक मत देतात. इथे बराच काळ संघटनेच्या सदस्यांचं मत चालत आलं, म्हणजे शिक्षक, चर्चमधल्या बाया, निवृत्त पोस्टमन असा कुणीही.

याची किंमतही आहे. सदस्यांनी मत द्यायचं म्हटलं की ओळखीचं नाव पुढे सरकतं. साहित्याचे बराच काळ आठ गट होते: कादंबरी, ललितेतर, पहिलं पुस्तक, चरित्र-आत्मचरित्र, मार्गदर्शनपर, कविता, बालसाहित्य, किशोरसाहित्य. 2019 मध्ये चरित्राच्या गटात मिशेल ओबामा होत्या. त्या गटात एखाद्या छोट्या प्रकाशनाच्या पुस्तकाचा निभाव कसा लागणार? शिवाय शुल्क भरायला आणि प्रती पाठवायला मागे प्रकाशक उभा लागतो. साहित्याचे पुरस्कार तर बहुतेक वेळा टीव्हीवर दिसणाऱ्या सोहळ्याच्या आधीच उरकले जातात. हे मला पटत नाही आणि कधी पटणारही नाही.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. विचारणाऱ्यांना ते बहुधा ठाऊक नसतं.

1987 मध्ये या पुरस्कारांत चित्रपटातल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा गट गाळला गेला. 1990 मध्ये पुन्हा तेच, आणि तोवर ही चौथी वेळ होती. शाखेचं म्हणणं असं की कृष्णवर्णीय स्त्रियांना अर्थपूर्ण प्रमुख भूमिकाच मिळत नाहीत, मग पाच नावं आणायची कुठून? तिच्यावर टीका झाली, तरी शाखा ठाम राहिली.

पूर्वी मी या निर्णयाची कड घेत असे. म्हणायचे, रिकामी चौकट हाच पुरावा आहे. कशीबशी पाच नावं भरली असती तर स्टुडिओवाले म्हणाले असते, बघा, सगळं ठीक चाललंय. वर्षभराच्या सिनेमांतून पाच भूमिका निघत नसतील तर ते जगाला दिसलंच पाहिजे. हे मला आजही खोटं वाटत नाही.

पण दुसरी बाजू बघा. त्या वर्षी एखादीनं दोन दृश्यांची भूमिका जीव ओतून केली असेल. ऑस्कर तिच्याकडे ढुंकून बघणार नव्हतं. आणि जो मांडव तिच्याच लोकांनी तिच्यासाठी घातला, तिथेही तिला सांगितलं गेलं की यंदा तुझी पंगत नाही. निषेध स्टुडिओंचा होता, उपाशी राहिली ती. 1942 मध्ये एनएएसीपीचे वॉल्टर व्हाइट हॉलिवूडला जाऊन स्टुडिओप्रमुखांना भेटले. काळ्यांना फक्त मोलकरीण-नोकराच्या भूमिकांत अडकवणं थांबवा, अशी त्यांची मागणी होती. मागणी रास्तच होती. पण त्या भूमिकांवर पोट असलेले हॅटीसारखे कलावंत बिथरले, आणि त्यांचंही चूक नव्हतं. जवळजवळ अर्ध्या शतकानं तोच पेच परत आला आणि झळ परत बाईलाच बसली.

‘वेगळं कशाला’ हा प्रश्न आपल्याकडे तरी कुठे नवा आहे? 1958 मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, तेव्हापासून तो विचारला जातोय. दोन्ही प्रश्नांचं नातं मी ओढूनताणून जोडत नाही. 1946 च्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांचा अभ्यास आपल्याला आवश्यकच आहे, असा त्याचा आशय होता. ड्यू बॉइस एनएएसीपीच्या संस्थापकांपैकी, आणि त्यांचं उत्तरही महिनाअखेरीस आलं.

तेव्हा वेगळा मांडव हवा, यावर मी ठाम आहे. मात्र गट गाळायची वेळ आलीच, तर त्या चौकटीत त्या वर्षी काम केलेल्या प्रत्येक अभिनेत्रीचं नाव छापावं, भूमिका दोन मिनिटांची असली तरी, असं हल्ली वाटतं. पण त्यांच्यातली एखादी उद्या म्हणाली, ‘बाई, नाव छापलंत, पुरस्कार कुठाय?’ तर तिला काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.