मे अखेरीस मॉरिशस : हॉटेल ठरवण्याआधी वाऱ्याची बाजू बघा

सोलापुरात पारा ४२ च्या खाली यायला तयार नव्हता, त्या आठवड्यात आम्ही निघालो. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई आणि तिथून थेट विमानाने सहा-साडेसहा तासांत मॉरिशस. सोबत बायको, सातवीतली मुलगी आणि ६८ वर्षांची आई. आईने समुद्र पाहिला होता तो गणपतीपुळ्याचा, तोही एकदाच.

विमानतळाबाहेर आलो आणि अंगावर आला तो वारा. झुळूक नव्हे, एकाच दिशेने न थांबता वाहणारा वारा. नारळाच्या झावळ्या सगळ्या एका अंगाला विंचरल्यासारख्या. हे आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे, शाळेत नकाशावर बाण काढून पाठ केलेले.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला २० अंशांवर आहे. आपला उन्हाळा संपत येतो तेव्हा तिथे हिवाळा लागतो. दक्षिण हिंदी महासागरातला मॅस्करीन उच्चदाब, म्हणजे हवेच्या जास्त दाबाचा प्रदेश, याच दिवसांत बळावतो आणि मे ते ऑक्टोबर हे वारे जोर धरतात. म्हणजे मुलांच्या सुट्टीत जाणारे आपण नेमके वाऱ्याच्या हंगामात पोचतो. जाहिरातीतलं काचेसारखं पाणी खोटं नाही, पण ते त्या दिवसांत बेटाच्या एका बाजूलाच मिळतं.

आम्हाला हे एजंटने सांगितलं नाही. त्याने पूर्व किनाऱ्यावर बेल मारजवळ खोली दिली. पहिल्या सकाळी पाण्यात उतरलो. रंग डोळ्यांत मावणार नाही असा, पण पाणी सारखं थडथडतंय, उडणारी वाळू पिंढऱ्यांना सुईसारखी टोचतेय. मुलगी दहा मिनिटांत कुडकुडत बाहेर आली. तासाभराने एक ढग यायचा, पाच मिनिटं सडसडून जायचा आणि लख्ख ऊन पडायचं.

तिसऱ्या दिवशी पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लॅकला गेलो. गाडीने दीड तास. मधल्या पठारावर क्यूरपीपला धुकं आणि पाऊस, उतरणीला लागताच कोरडी हवा, खाली समुद्र तलावासारखा निवांत. सोलापूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. महाबळेश्वर भिजतं आणि आपण कोरडे राहतो, तोच प्रकार. पठारावर वर्षाला ४००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, पश्चिम किनाऱ्यावर हजारालाही कमी. मे ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल आणि सोबत लहान मुलं किंवा वयस्क माणसं असतील तर मुक्काम पश्चिमेला किंवा वायव्येलाच करा. पूर्वेला एक दिवस फिरायला जा, इल-ओ-सर्फ हे बेट बघून या.

सगळ्यात मोठी चूक झाली ती उत्तरेकडच्या बेटांच्या सफरीत. बेटाभोवती जवळपास सगळीकडे प्रवाळाचा कडा आहे. मोठ्या लाटा त्यावर फुटतात, म्हणून आतलं लगून, म्हणजे कडा आणि किनारा यांच्या मधलं उथळ पाणी, शांत राहतं. पण गॅब्रिएल बेटाकडे जाताना कडा ओलांडून खुल्या समुद्रात शिरावं लागतं. तिथे आग्नेयेचा वारा थेट बोटीच्या कुशीत बसतो. वाटेतल्या कॅं द मीर बेटाचा काळा सुळका जवळ येईपर्यंत निम्म्या लोकांना बोट लागली होती. आई सोलापुरी चादर डोक्यावरून घट्ट लपेटून, दोन्ही हातांनी कठडा धरून बसली होती. चादर खाऱ्या पाण्याने जड झालेली, ओठ पांढरे. एक शब्द बोलली नाही. तिला त्या बोटीत मी बसवलं, याचं मला आजही वाईट वाटतं. पश्चिमेची बेनितिये बेटाची सफर बरीचशी आडोशातून होते. घरच्यांना घेऊन जायचं तर ती घ्या, आणि सकाळची घ्या.

दक्षिणेला ग्री-ग्रीला प्रवाळाचा कडा तुटलेला आहे. तिथे लाटा सरळ खडकावर आदळतात. बघायला जरूर जा, पाण्यात पाऊल टाकू नका. आणि वारा पडला म्हणजे समुद्र शांत झाला असं समजू नका. दूर दक्षिणेच्या वादळांतून निघालेले लाटांचे लांब लोट हजारो किलोमीटर चालून येतात, वारा नसतानाही.

लगूनमध्येही एक गोष्ट जपावी लागते. कड्यावरून आत आलेलं पाणी कड्यातल्या फटींतून जोराने बाहेर जातं. त्या फटीजवळ कंबरभर पाणीही माणसाला ओढून नेतं. जिथे गावातली माणसं पोहत नाहीत तिथे उतरू नका. पायात रबरी बूट हवेतच, कारण काटेरी समुद्री साळू आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा तळाशी असतात. काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय धरा आणि डॉक्टरकडे जा.

आमचा ड्रायव्हर मराठी वंशाचा. मराठी अडखळत बोलायचा, पण गणपतीची आरती सबंध पाठ. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते हे त्याने आईला अभिमानाने सांगितलं. रोज सकाळी तो वाक्वाच्या हवामान खात्याचं बुलेटिन ऐकूनच आमचा बेत ठरवू लागला. तुम्हीही ऐका. वाऱ्याचा सरासरी वेग ऐकून थांबू नका, झोतांचा, म्हणजे मधेच उसळणाऱ्या जोरदार वाऱ्याचा, आकडा बघा. झोत ताशी ५० किलोमीटरच्या वर सांगितले असतील तर मी बोट रद्द करेन, पैसे गेले तरी.

शेवटच्या संध्याकाळी आईने विचारलं, “हा एवढा वारा जातो कुठं रे?” मी वाळूवर काढून दाखवलं. वायव्येला जातो, विषुववृत्त ओलांडतो, आफ्रिकेच्या किनाऱ्याने उजवीकडे वळतो आणि आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारा म्हणून येतो. कोकणात कोसळतो, सह्याद्रीत रिता होतो. “म्हंजे आपल्याला उरलासुरला,” आई म्हणाली आणि बराच वेळ त्या वाऱ्याकडे तोंड करून बसली.

सामानात प्रत्येकी एक वाराबंद जॅकेट घ्या, संध्याकाळी लागतं. बोट लागू नये म्हणून गोळी निघण्याआधी अर्धा तास, वयस्कांना डॉक्टरांना विचारूनच. कडक भाकरी आम्ही नेली होती. बोटीत तीच तेवढी पोटात टिकली. अंधार पावणेसहापासूनच पडायला लागतो, त्यामुळे समुद्राचं काय ते चारच्या आत उरका.