डेमुलमधली पाळी

हिमाचल प्रदेशातल्या स्पितीच्या पदभ्रमंतीचा पहिला आराखडा आम्ही मुलुंडच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, स्वातंत्र्यदिनाची सुटी मध्यभागी धरून तयार केला होता. दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार जोडून नऊ दिवस निघत होते आणि मी, माझी पत्नी आणि तिचा मावसभाऊ अशा तिघांनाही ते पुरेसे वाटत होते. सह्याद्रीत वीस-पंचवीस वर्षे हिंडलेल्या माणसाला असा आत्मविश्वास असतोच. राजमाचीच्या उधेवाडीत किंवा हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईत संध्याकाळी पोहोचावे, ओसरीवर पथारी पसरावी आणि पिठले-भाकरी येईपर्यंत पाय चेपत बसावे, हा आमचा परिपाठ. लांगझा, कोमिक, डेमुल, ल्हालुंग आणि धनकर या पाच गावांमध्ये घरोघरी मुक्काम करत जायचे, यात वेगळे ते काय असणार, असे आम्ही गृहीत धरले होते.

तो आराखडा एका फोनने मोडला. डेमुलच्या एका घराचा क्रमांक ओळखीतून मिळाला होता. तीन दिवस संपर्काबाहेर असलेला तो फोन चौथ्या दिवशी रात्री लागला. पलीकडच्या गृहस्थांनी तारखा शांतपणे ऐकून घेतल्या आणि हिंदीत विचारले, "सर, मटर का टाइम है, आप को देखेगा कौन?" स्पितीत वर्षातून एकच पीक निघते. हिरवा वाटाणा हे तिथले रोकड पीक आहे. तो तोडून, पोत्यांत भरून वेळेत गाडीवर चढवला नाही तर वर्षाची कमाई बुडते. त्यामुळे ऑगस्टमध्ये घरातले धडधाकट माणूस शेतातच असते. वाटाण्यानंतर सातूची (जवाची) कापणी येते, पण त्या दिवसांत संध्याकाळी तरी चूल वेळेवर पेटते, असे त्यांचे म्हणणे पडले. त्या वर्षी गणपती लवकर होते. गौरी-गणपतींचे विसर्जन आटोपून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचे, असे त्या एका फोनवर ठरले.

दुसरी दुरुस्ती उंचीने करायला लावली. मुंबईतल्या एका सहल कंपनीने मनालीमार्गे थेट स्पितीतल्या मुख्य गावी, काझ्याला नेऊन तिसऱ्याच दिवशी लांगझ्याला मुक्काम, असा कार्यक्रम हातात दिला होता. काझा सुमारे ३,७०० मीटरवर आहे, लांगझा सुमारे ४,४०० मीटरवर. या उंचीवर हवेचा दाब मुंबईच्या जेमतेम साठ टक्के उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दिवसाला सुमारे ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवावा, हा डॉक्टरांनी घालून दिलेला दंडक पाळायचा, तर तो कार्यक्रम बादच होता. कळसूबाईवर सलग चार रविवार पाठपिशवी घेऊन चढल्याने मांड्या तयार झाल्या, पण कळसूबाई १,६४६ मीटरची आहे. विरळ हवेची सवय तिथे होत नाही. म्हणून आम्ही सतलजच्या काठाकाठाने वर जाणारा, लांबचा पण हळूहळू चढणारा रस्ता धरला: शिमला, सराहन, कल्पा, मग ९९६ साली स्थापन झालेल्या मठाचे टाबो, त्यानंतर काझ्यात दोन रात्री आणि लांगझ्यात दोन. हिशेब केला तेव्हा पंधरा दिवसांच्या रजेत प्रत्यक्ष चालणे फक्त चार दिवसांचे निघाले. मावसभावाने "म्हणजे आपण गाडीत बसायला चाललो आहोत" असा शेरा मारला. काझ्यातल्या पहिल्या रात्री डोके धरून बसल्यावर मात्र तो शेरा त्याने स्वतःहून मागे घेतला.

सामानाच्या यादीबद्दल फार लिहीत नाही. उबदार कपडे, शिट्टी, औषधे हे सगळ्यांनाच ठाऊक असते. रोख रक्कम भरपूर न्यावी, कारण काझ्याच्या पुढे एटीएम नाही. एक वस्तू मात्र कुठल्याच यादीत नव्हती. निघण्याच्या आदल्या दिवशी डेमुलहून फोन आला: "काझा से टमाटर और हरी मिर्च ले आना." आम्ही दोन किलो टोमॅटो आणि पाव किलो मिरच्या कापडी पिशवीत घालून लांगझा आणि कोमिक ओलांडून हातात वागवल्या. जीवाश्मांसाठी प्रसिद्ध असलेल्या लांगझ्यातून, १९८३ पासून टपाल कार्यालय असलेल्या हिक्किमवरून, बोडक्या डोंगरउतारांवर आमची ती भाजीची पिशवी हेलकावत होती. आमच्याइतकी मंडईतून आल्यासारखी दिसणारी तुकडी त्या वाटेवर दुसरी नसावी.

कोमिक ते डेमुल हा सर्वांत लांब टप्पा. सह्याद्रीतल्या सवयीने आम्ही पहाटे निघालो आणि तीनच्या सुमारास गावात उतरलो, तर ज्यांच्याशी फोनवर बोललो होतो त्यांच्या दाराला कुलूप. शेजारच्या गच्चीवर सातूच्या पेंढ्या रचणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी हातानेच बसण्याची खूण केली. पाचनंतर ते गृहस्थ आले, टोमॅटो पाहून हसले आणि म्हणाले की आमची सोय त्यांच्याकडे नाही. डेमुलमध्ये पाहुणे पाळीपाळीने घरांना वाटून दिले जातात आणि त्यातून येणारे उत्पन्न गावात वाटले जाते. फोन कोणालाही केला तरी घर पाळी ठरवते. आम्हाला दोन तास गच्चीवर बसवणारी म्हातारीच त्या रात्रीची आमची यजमानीण निघाली. टोमॅटो अर्थातच तिच्या चुलीकडे गेले.

घराघरांतल्या मुक्कामाची ही पद्धत लडाखमध्ये रुजली ती हिमबिबट्याच्या संवर्धनातून. कोंडवाड्यात शिरलेला हिमबिबट्या एका रात्रीत कित्येक शेळ्यामेंढ्या मारतो आणि चिडलेले गाव मग त्याच्या जिवावर उठते. पाहुण्यांकडून येणाऱ्या पैशाने तो तोटा काही अंशी भरून निघावा, असा त्यामागचा विचार होता. डेमुलच्या वाटणीमागे तेच कारण आहे की शेजाऱ्यांमधले भांडण टाळण्याचा शहाणपणा, हे मी विचारले नाही. म्हातारीचे हिंदी आणि माझे हिंदी यांची गाठ चहापलीकडे जात नव्हती.

रात्री तिने भाजलेल्या सातूचे पीठ वाडग्यात घेतले, त्यावर लोण्याचा खारट चहा ओतला आणि बोटांनी मळून एक घट्ट गोळा माझ्या तळहातावर ठेवला. आपल्याकडच्या सातूच्या पिठात गहू आणि डाळेच जास्त असते. हे मात्र निव्वळ सातू होते आणि चवीला भाजणीच्या जवळ जाणारे. पत्नीने त्यावर हिरवी मिरची मागितली, तेव्हा म्हातारीने आम्हीच आणलेल्या मिरच्यांतली एकच काढून दिली आणि उरलेल्या कपाटात बंद केल्या.

शौचालय कोरडे होते. वरच्या मजल्यावर मातीच्या जमिनीत चौकोनी भोक, बाजूला माती आणि राखेचा ढीग, त्यात खोचलेले फावडे. पाणी अजिबात टाकायचे नाही, वर दोन फावडी माती लोटायची. खाली तयार होणारे खत वसंतात शेतात जाते. पाणी टाकले की खत कुजते आणि घाण वास सुटतो. मुंबईहून आलेल्या माणसाला पाण्याचा हा मोह आवरणे चढावापेक्षा अवघड जाते. आम्ही कागद वापरला आणि तो वेगळ्या पिशवीत घालून परत नेला.

सकाळी ल्हालुंगकडे निघताना फोनवाले गृहस्थ निरोपाला आले. पुढच्या वेळी त्यांच्याच घरी उतरता येईल का, असे मी विचारले. त्यांनी बोटांवर घरे मोजली, मान हलवली आणि म्हणाले, "वो तो नंबर से आएगा. मिर्ची ज़्यादा लाना."