चौथा आठवडा

सायनस, छाती, पुन्हा सायनस. सहा वर्षं हेच चाललं होतं, त्यात दोनदा न्यूमोनिया झाला. ‘प्रतिकारशक्ती कमी दिसतेय, जपा’ असं सगळेच म्हणत, पण इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या अँटीबॉडीजची रक्ततपासणी कुणी लिहून दिली नव्हती. ती झाली तेव्हा मी 34 वर्षांची होते. आयजीजी, म्हणजे त्यातला मुख्य प्रकार, फारच कमी निघालं. आजाराचं नाव सीव्हीआयडी, म्हणजे शरीर पुरेशा अँटीबॉडीज तयारच करत नाही. मग त्या बाहेरून घ्यायच्या, हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून वेगळ्या केलेल्या. त्या अनोळखी माणसांची आठवण मला प्रत्येक बाटली हातात घेताना येते.

सुरुवातीला दर चार आठवड्यांनी शिरेतून औषध मिळायचं. पहिल्याच वेळी हुडहुडी भरली, डोकं ठणकायला लागलं. सिस्टरनी वेग कमी केला तेव्हा कुठे बरं वाटलं. पुढे आधी भरपूर पाणी पिणं आणि सावकाश ड्रिप, एवढ्यावर निभावलं. मोठी आजारपणं थांबली. रिपोर्टमधला आकडा बघून डॉक्टर खूश होते.

पण बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी माझ्यातलं बळ सरायचं. डोळ्यांमागे जडपणा, घसा खवखवलेला. एकदा मुलीच्या वहीला कव्हर घालता घालता बसल्या जागी झोप लागली. जाग आली तेव्हा उरलेली कव्हरं तिने स्वतःच घातली होती, वाकडीतिकडी, आणि ती माझ्या शेजारी गप्प बसली होती. मी हे डॉक्टरांना कधी सांगितलंच नाही. जीव वाचवणारं औषध मिळत असताना थकव्याची तक्रार कशी करायची, असं वाटायचं.

मग एका भेटीत 36 प्रश्नांची एक प्रश्नावली भरायला दिली. गेल्या चार आठवड्यांत किती वेळा थकवा वाटला, या प्रश्नाशी माझं पेन थांबलं. कोणत्या आठवड्याचं सांगू? दुसऱ्यात मी ठणठणीत असते, चौथ्यात अंथरुणाला खिळलेली. ‘कधीकधी’वर खूण केली असती तर ते खोटं ठरलं असतं. मी समासात दोन्ही लिहिलं.

ते वाचून डॉक्टरांनी पहिल्यांदा खोदून खोदून विचारलं. आयजीजी साधारण तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं, त्यामुळे काहींना शेवटचे दिवस जड जातात, असं त्यांनी सांगितलं. डोस वाढवणं, अंतर कमी करणं किंवा दर आठवड्याला त्वचेखाली घरीच घेणं, असे पर्याय होते. मी घरचा निवडला.

पहिल्यांदा स्वतःच्या पोटात सुई टोचायला मला वीस मिनिटं लागली. सिस्टर शेजारी बसून राहिल्या, एकदाही घाई केली नाही. आता शुक्रवारी संध्याकाळी दोन जागी सुया लावते, पंप कमरेच्या पिशवीत ठेवते आणि मुलीचा अभ्यास घेते. 40 मिली जाईपर्यंत पोटावर दोन मऊ टेंगळं येतात, ती ताणतात, थोडी खाजतात. दुसऱ्या दिवशी उतरतात.

परवा तीच प्रश्नावली पुन्हा भरली. थकव्याच्या प्रश्नाशी थांबावं लागलं नाही. जिने चढायला अडचण येते का, याला मात्र अजून ‘थोडी’ हेच उत्तर आहे. निदानाआधीच्या वर्षांत फुफ्फुसाचं झालेलं नुकसान या औषधाने भरून येत नाही.